सेव्हेनच्या खोऱ्यांत एक महिना

फ्रान्सच्या प्रवासाचीं वर्णनें मराठी वाचकांस नवीं नाहींत. पॅरिसचा लोखंडी मनोरा, लूव्ह्रचें चित्रसंग्रहालय आणि सेन नदीवरील पूल यांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत आणखी भर घालण्याची माझी योग्यता नाहीं आणि इच्छाहि नाहीं. आम्ही उभयतां २०२४ सालच्या सप्टेंबरअखेर त्या देशास गेलों, तेव्हां पॅरिसमध्यें दोनच रात्रीं राहिलों व तिसऱ्या दिवशीं सकाळीं आगगाडीनें दक्षिणेची वाट धरली. नीम शहरापर्यंत तीन तासांचा वेगवान प्रवास, पुढें आलेसपर्यंत साधी गाडी आणि शेवटीं मोटारीनें डोंगरांत, असें करीत आम्ही सेव्हेन नांवाच्या पर्वतप्रदेशांत पोंचलों. तेथें गार्दों नदीच्या कांठीं साँ-झाँ-द्यु-गार म्हणून एक लहानसें गांव आहे. त्या गांवाबाहेरच्या उतारावर एका वृद्ध विधवा बाईंच्या घराचा वरचा मजला आम्हीं महिन्याच्या बोलीनें घेतला होता.

इतक्या दूर जाऊन अशा आडबाजूस राहण्याचें कारण सांगितलें पाहिजे. आमचें मूळ घर महाड तालुक्यांत, शिवथरच्या खोऱ्यांत आहे. महाडहून बिरवाडी, पुढें बारसगांव असें तीसएक किलोमीटर आंत गेलें म्हणजे वरंधा घाटाच्या बाजूच्या डोंगरांत हें खोरें लागतें. कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर अशीं येथील गांवांचीं नांवें. त्यांपैकीं कुंभे शिवथरास समर्थांची घळ आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनीं ती १९३० सालीं शोधून काढली. शके १५७६ मध्यें, म्हणजे १६५४ सालीं, समर्थांनीं येथें दासबोध सांगावयास आरंभ केला व कल्याणस्वामींनीं तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. पावसाळ्यांत घळीच्या तोंडाशींच धबधबा कोसळत असतो. ज्यानें तो आवाज एकदां ऐकला, त्याला समर्थांनीं हें स्थान कां निवडलें हें विचारावें लागत नाहीं.

परंतु जो पाऊस दुरून येणाऱ्यास रमणीय वाटतो, तोच घरांत राहणाऱ्यास निराळा दिसतो. २२ जुलै २०२१ या दिवशीं महाड शहर सावित्री आणि गांधारी यांच्या पुरांत बुडालें. आमच्याच तालुक्यांतील तळिये येथें दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथें हाच प्रकार झाला. जवळच्या महाबळेश्वरीं त्या सुमारास एका दिवसांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आमचे थोरले बंधु अप्पा आणि वहिनी त्या रात्रीं शिवथरच्या घरांत होतीं. पुण्याहून दोन दिवस आम्ही दूरध्वनि करीत होतों व पलीकडे घंटाहि वाजत नव्हती. तिसऱ्या दिवशीं अप्पांचा आवाज ऐकूं आला तेव्हां सौ. देवघरासमोर जाऊन बसली ती अर्धा तास उठली नाहीं.

तेव्हांपासून दर ज्येष्ठांत आमच्या घरीं एकच वाद होत असे. पावसाळ्यापुरतें पुण्यास या, असें आम्ही म्हणावें. चार पिढ्यांचें घर टाकून मी कोठें येऊं, असें अप्पांनीं म्हणावें. पुतण्या घर विकून मोकळें होण्याच्या गोष्टी बोलूं लागला, तेव्हां अप्पांनीं त्याच्याशीं बोलणेंच टाकलें. वहिनी कोणत्याच बाजूनें बोलत नसत. मात्र पावसाच्या रात्रीं त्यांना झोंप लागत नाहीं, हें त्यांनीं सौ.ला सांगितलें होतें.

सौ.नें साठी उलटल्यावर पुण्यास फ्रेंच भाषा शिकावयास घेतली होती. "नातवंडांना इंग्रजी माझ्याहून चांगलें येतें. त्यांच्यापाशीं नाहीं अशी एक तरी भाषा मला हवी," असें ती म्हणे. फ्रान्सला जावयाचें ठरलें तेव्हां तिनें एकच अट घातली : "जेथें आपल्यासारखे डोंगर आणि आपल्यासारखा पाऊस आहे, अशा ठिकाणीं राहूं. राजवाडे पाहून मला कंटाळा येतो." सेव्हेन हें नांव त्या अटींतून निघालें.

आतां तेथील नित्याचें जीवन. पहाटे पाववाल्याचें दुकान उघडतें आणि माणसें काखेंत लांबट पाव घेऊन घरीं परततात. दुकानांत पाऊल टाकतांच प्रथम "बोंझूर" म्हणजे नमस्कार म्हणावयाचा; मग काय हवें तें मागावयाचें. पहिल्या दिवशीं मीं घाईनें पावाकडे बोट दाखविलें, तेव्हां दुकानदारीण स्थिर उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली. सौ.नें मागून "बोंझूर, मादाम" म्हणतांच ती हंसली आणि पाव मिळाला. नमस्कारावांचून व्यवहार नाहीं, ही रीत आम्हांस आवडली. आपल्याकडेहि दारीं आलेल्यास आधीं पाणी विचारावें व मग काम, असें आहेच.

दुपारीं बारा वाजले कीं दुकानें बंद होतात, आणि दोन-अडीच तास सारें गांव जेवावयास बसतें. मंगळवारीं आठवड्याचा बाजार भरतो. बकरीच्या दुधाच्या पेलार्दों नांवाच्या चपट्या चकत्या, गोड चवीचे मोठे कांदे, मध, अंजीर, ताजे अक्रोड हें सारें पिकविणाराच समोर बसून विकतो. आम्ही शाकाहारी असल्यामुळें आमचे हाल होतील असें सर्वांनीं सांगितलें होतें. तसें झालें नाहीं. मसूर, कांदे, भोपळा, पाव आणि दूध एवढ्यावर सौ.नें एक महिना संसार केला, आणि बरोबर नेलेल्या मेतकुटाच्या डब्यांतून मादामलाहि वाटा दिला.

या डोंगरांत दोन झाडांनीं माणसें जगविलीं. पहिलें चेस्टनटचें, त्याला ते लोक भाकरीचें झाड म्हणतात. उतारावर गहूं पिकत नसे, म्हणून गरिबांनीं याचीं फळें खाल्लीं. शरदांत तीं वेंचून क्लेद नांवाच्या लहान दगडी खोपींत मंद धुरावर कित्येक आठवडे वाळवीत आणि वर्षभर त्यांची लापशी करून खात. आमच्या वरकस जमिनींत नाचणी आणि वरी यांनीं जें काम केलें, तेंच हें. दुसरें झाड तुतीचें. त्याला सोन्याचें झाड म्हणत. १७०९ सालच्या भयंकर हिंवाळ्यांत ऑलिव्हचीं झाडें मेलीं, आणि त्यानंतर तुती व रेशमाचे किडे यांचा प्रसार फार झाला. घरांचा वरचा मजला किड्यांसाठीं असे. रेशमाचीं अंडीं उबविण्याकरितां बायका तीं लहान पिशवींत घालून अंगाशीं बाळगीत. आमची खोली पूर्वीं त्याच कामाची होती, हें मादामनें सांगितलें. म्हणूनच तिला चहूं कोपऱ्यांस चार लहान चुली होत्या.

पुढें किड्यांवर रोग पडला. ज्या पाश्चरचें नांव आपण दुधाच्या पिशवीवर वाचतों, तो १८६५ सालीं या रोगाच्या शोधासाठीं आलेसला आला. त्याची पत्नी मारी आणि मुलगी यांनींहि तेथें किडे पाळून त्याला हातभार लावला. १८६८ सालीं त्याला अर्धांगाचा झटका आला. तेव्हां तो सांगे आणि पत्नी लिहून घेई. सूक्ष्मदर्शकाखालीं पतंग तपासून निरोगी पतंगांचींच अंडीं ठेवावयाचीं, ही त्याची युक्ति लागू पडली. तथापि परदेशी रेशीम आणि कृत्रिम धागा यांपुढें हा धंदा टिकला नाहीं. गांवांतील रेशीमगिरणी १९६५ सालीं बंद झाली व आतां तेथें खोऱ्याच्या जुन्या जीवनाचें संग्रहालय आहे. माणसें कोळशाच्या खाणींत, नीमला, लिऑंला गेलीं. आमच्या महाड-पोलादपूरचे लोक मुंबईस गेले, तसेच. मादामचा मुलगाहि लिऑंला असतो आणि सुटींत येतो. चाकरमानी हा शब्द मीं तिला समजावून दिला. तो तिला फार आवडला.

एके दिवशीं आम्ही जवळच्या मियाले गांवच्या हद्दींतील एक संग्रहालय पाहिलें. तें १९१० सालीं स्थापन झालें असून एका बंडखोर पुढाऱ्याच्या राहत्या घरांतच मांडलेलें आहे. सेव्हेनचे बहुतेक लोक प्रॉटेस्टंट पंथाचे. चौदाव्या लुईनें १६८५ सालीं त्यांचें धर्मस्वातंत्र्य काढून घेतलें. देवळें पाडलीं गेलीं, उपदेशकांना फांशी झाली. मग हे लोक रात्रीं रानांत, दऱ्यांत आणि गुहांत जमून प्रार्थना करूं लागले. १७०२ ते १७०४ पर्यंत त्यांनीं राजाच्या सैन्याशीं डोंगरी युद्धहि केलें. संग्रहालयांत सुटें करून लपवितां येई असें व्यासपीठ आहे. बायकांना अंबाड्यांत खुपसून नेतां येतील अशीं चिमुकलीं स्तोत्रपुस्तकेंहि त्या काळीं होतीं. सौ.चा हात नकळत आपल्या अंबाड्याकडे गेला. ती म्हणाली, "अहो, आपल्याकडे ग्रंथ घळींत सांगितला गेला, इथें तो केंसांत वांचला."

मारी द्युराँ नांवाच्या एका मुलीची हकीकत तेथें समजली. तिचा भाऊ उपदेशक होता, म्हणून १७३० सालीं, एकोणीस वर्षांच्या सुमाराला, तिला समुद्राजवळच्या एग-मोर्त गांवच्या बुरुजांत कोंडलें. धर्म सोडतें, एवढें म्हटलें असतें तर ती सुटली असती. ती ३८ वर्षें आंत राहिली आणि १७६८ सालीं बाहेर आली. बुरुजांतील दगडावर "टिकून राहा" अशा अर्थाचा एक शब्द कोरलेला आहे व तो तिनेंच कोरला असें लोक मानतात. हें वाचून मला अप्पांची आठवण झाली. जागा न सोडण्याचा हट्ट थोर असूं शकतो, हें मला पटलें, आणि आमची बाजू थोडी लंगडी पडली असेंहि वाटलें.

त्याच आठवड्यांत एगुआल पर्वतावर जाणें झालें. त्याची उंची दीड हजार मीटरांहून अधिक आहे. शिखरावर किल्ल्यासारखी दगडी वेधशाळा आहे. ती १८९४ सालीं पुरी झाली. या पर्वताच्या एका अंगाचें पाणी अटलांटिक महासागरास मिळतें आणि दुसऱ्या अंगाचें भूमध्य समुद्रास. आमच्या वरंध्याच्या डोंगरांचेंहि तसेंच आहे : पश्चिमेचें पाणी सावित्रींतून सिंधुसागराला, पूर्वेचें नीरा, भीमा, कृष्णा असें करीत गंगासागराकडच्या समुद्राला. पाऊस पडण्याची रीतहि एकच. समुद्रावरचा ओला वारा डोंगराला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि बरसतो. भेद इतकाच कीं, आमचा पाऊस चार महिने पुरवून पडतो आणि त्यांचा शरदांतील कांहीं तासांत. १९०० सालच्या सप्टेंबरांत वालरोग या गांवीं एका दिवसाच्या आंत ९५० मिलिमीटर पाऊस झाल्याची नोंद आहे.

गेल्या शतकाच्या आधींच्या शतकांत हा पर्वत उघडा बोडका झाला होता. मेंढ्या, कोळसा आणि लांकूडतोड यांनीं झाडी गेली होती, आणि प्रत्येक पावसांत माती नदींत येई. फ्रेंच सरकारनें १८६० व १८८२ सालीं डोंगर पुन्हां राखण्याचे कायदे केले. जॉर्ज फाब्र नांवाच्या वनाधिकाऱ्यानें १८७५ पासून एगुआलवर झाडें लावण्याचें काम हातीं घेतलें. मेंढपाळांचा विरोध होता. त्यांचीं कुरणें जात होतीं. तेव्हां तो अगदींच अन्यायाचा होता असें म्हणतां येत नाहीं. आज आपण दाट सावलींतून चढतों, तें रान माणसांनीं एकेक रोप लावून केलेलें आहे, हें सांगितल्यावांचून कळत नाहीं.

आमच्या मादामच्या घरामागें उतारावर दगडी पायऱ्यांप्रमाणें बांध होते. चुना नाहीं, माती नाहीं. नुसते दगडावर दगड. मीं म्हटलें, हे तर आमच्या कोंकणांतील गडगे. तिनें एके ठिकाणीं फुगलेला बांध दाखविला आणि म्हणाली, "ही भिंत पाणी अडवीत नाहीं. ती माती अडविते आणि पाण्याला वाट देते. फटी बुजल्या कीं मागें पाणी सांचतें, भिंत पोट काढते आणि एका रात्रींत खालीं येते. म्हणून दरवर्षीं पाहावें लागतें." अशी भिंत रचण्याची विद्या तेथील तरुण पुन्हां शिकत आहेत. २०१८ साली युनेस्कोनें तिची गणना मानवजातीच्या वारशांत केली आहे.

ऑक्टोबरच्या मध्यास ढग भरून आले. १७ तारखेला शेजारच्या आर्देश जिल्ह्यास सरकारी हवामानखात्यानें तांबडा, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचा, इशारा दिला. आमच्या खोऱ्यासहि सावध राहण्यास सांगितलें होतें. आदल्या संध्याकाळींच मादाम वर आली. दाराशीं खुंटीला एक पिशवी नेहमीं टांगलेली असे, ती तिच्या हातांत होती. तींत औषधें, कागदपत्रें, विजेरी, लोंकरी पायमोजे आणि नवऱ्याचें छायाचित्र. ती म्हणाली, "मी गांवांत मुलीच्या घरीं चाललें. तुम्हींहि चला. तिच्या घराखालीं खडक आहे."

आम्ही गेलों. रात्रभर पाऊस कौलांवर आदळत होता आणि नदीचा आवाज भिंतींतून येत होता. सौ.ला तो आवाज शिवथरचा वाटला, मलाहि. मादाम मात्र विणकाम करीत शांत बसली होती. सौ.नें विचारलें, "घर असें सोडून येतांना तुम्हांला वाईट वाटत नाहीं ?" मादामनें सुया खालीं ठेवल्या. तिचें उत्तर सौ.नें मला मराठींत सांगितलें, तें असें : "घर सोडणें निराळें आणि घर टाकणें निराळें. जे शहरांत गेले आणि भिंतीकडे पाहावयास पुन्हां आले नाहींत, त्यांनीं घर टाकलें. मी पावसापुरतें सोडतें आणि ऊन पडलें कीं फावडें घेऊन परत जातें. माझी सासूहि तसेंच करीत असे."

दुसऱ्या दिवशीं दुपारीं ऊन पडलें. तिच्या घरास कांहीं झालें नव्हतें. फुगलेला बांध मात्र चार हात खालीं आला होता. मुलगा लिऑंहून आला, आणि पुढचे दोन दिवस आम्ही सर्व दगड उचलीत होतों. मोठा दगड खालीं, लांबट दगड आंत, चिपा फटींत. माझें वय पाहून मला चिपा देण्याचें काम मिळालें.

दिवाळीस आम्ही शिवथरला होतों. लक्ष्मीपूजनानंतर ओटीवर बसून मीं अप्पांना सगळी हकीकत सांगितली. एगुआलचें रान सांगितलें, मारी द्युराँ सांगितली. ती ऐकून ते प्रसन्न झाले व पुतण्याकडे पाहून म्हणाले, "बघ, अडतीस वर्षें!" मग सौ.नें माजघरांतून येऊन दाराशीं टांगलेल्या पिशवीची गोष्ट सांगितली आणि मादामचें वाक्य जसेंच्या तसें म्हटलें. अप्पा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. वहिनी दारांत उभ्या होत्या. त्यांनीं इतक्या वर्षांत प्रथमच सर्वांसमक्ष तोंड उघडलें : "समर्थांनीं तरी ही घळ सोडलीच ना ? उत्तरायुष्य त्यांनीं सज्जनगडावर काढलें. घळ त्यांची नाहीं, असें कोणी म्हटलें का ?"

अप्पा उठले आणि परसांत गेले. परत आले ते एवढेंच म्हणाले, "मागचा गडगा दोन ठिकाणीं पोट काढून आहे. माघांत तो उतरवून पुन्हां रचावा लागेल. नुसते पैसे पाठवून चालणार नाहीं. सगळ्यांनीं यावें लागेल." पुतण्यानें मान हलविली. घर विकण्याची गोष्ट त्या रात्रीं निघाली नाहीं.

माघांत आम्ही सर्व गेलों. गांवांतील दोन जाणत्या गड्यांनीं गडगा उतरविला आणि त्यांच्या हाताखालीं आम्हीं तो रचला. मागच्या उतारावरची पाण्याची पन्हळ मोकळी केली, आणि जेथें नुसतें गवत होतें तेथें पुतण्यानें आंब्या-फणसाचीं रोपें लावण्यास खड्डे खणले. गडगा रचला म्हणून दरड येणार नाहीं, असा भ्रम कोणालाहि नाहीं. डोंगराच्या अंगावरची भिजलेली माती खडकावरून सुटली, तर गडग्याचें तिच्यापुढें कांहीं चालत नाहीं. म्हणूनच पिशवीहि शिवावी लागली.

ती पिशवी वहिनींनीं खणाच्या कापडाची केली आहे. तींत औषधें, सातबाराचे उतारे, विजेरी आणि दासबोधाची लहान प्रत आहे. ज्येष्ठाच्या अखेरीस अप्पा आणि वहिनी पुण्यास आलीं, तेव्हां पिशवी अप्पांच्या खांद्यावर होती. आल्याबरोबर त्यांनीं भिंतीवर खिळा कोठें आहे तें विचारलें आणि ती दाराशीं टांगली. वहिनी त्या रात्रीं सकाळीं सातपर्यंत झोंपल्या. नागपंचमीनंतर आठवड्यानें ऊन पडलें, तसे अप्पा म्हणाले, "चला, गडगा पाहून येऊं."